भिंतीला घाम का फुटतो?

श्रोतेहो, गौरी-गणपती झाले की घरोघरी दिवाळीपूर्वीच्या रंगकामाचे वेध लागतात आणि माझ्यासारख्या बांधकामातल्या माणसाला हमखास फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो. ‘बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. कुठला रंग लावू?’ मी विचारतो, ‘पाणी कुठून येतंय ते पाहिलंत का?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, ‘ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?’

अलीकडे या प्रश्नाला एक जोडप्रश्नही येतो. ‘पश्चिमेची भिंत फार तापते. आतून थर्माकोल लावून वर प्लाय ठोकलं तर एसीचं बिल कमी होईल ना?’ पहिला प्रश्न ओलीचा, दुसरा उष्णतेचा. विचारणाऱ्याला ते वेगळे वाटतात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की ते वेगळे नाहीत. भिंतीतून जाणारी उष्णता अडवायला निघालेला माणूस ओलीचा विचार आधी करत नसेल, तर बिल थोडं कमी होईल, पण भिंत मात्र हातची जाईल. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः ही चूक केलेली आहे. ती पुढे सांगतोच.

आधी उष्णतेचं पाहू. आपल्याकडची नेहमीची नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत घ्या. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर तिच्या एका चौरस मीटरमधून सुमारे २ वॅट उष्णता वाहते. बाहेर ३८ अंश आणि आत २४ अंश असेल तर १४ अंशांचा फरक, म्हणजे दर चौरस मीटरला २८ वॅट. त्यात ऊन थेट पडत असेल तर भिंतीचा पृष्ठभाग हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. हीच भिंत ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीच्या थर्माकोलने झाकली की २ वॅटचा आकडा साधारण अर्ध्या वॅटवर येतो. कारण सोपं आहे. थर्माकोल म्हणजे बहुतांशी डांबून ठेवलेली हवा, आणि स्थिर हवेतून उष्णता फार कष्टाने जाते. गोधडी आपल्याला ऊब देते ती याच न्यायाने.

उष्णता चौपट कमी! ऐकायला फारच छान. पण हा हिशेब फक्त विटांच्या भागाचा आहे. आपल्या इमारती नुसत्या विटांच्या नसतात. त्यांत काँक्रीटचे कॉलम असतात, बीम असतात, स्लॅबच्या कडा असतात. काँक्रीट विटेपेक्षा दुपटीने उष्णता वाहून नेतं. समजा, भिंतीच्या दर्शनी भागापैकी पाचवा हिस्सा काँक्रीटचा आहे आणि आपण थर्माकोल फक्त मधल्या विटांवर लावला. उघड्या राहिलेल्या कॉलम-बीममधून दर चौरस मीटरला सुमारे पावणेतीन वॅट वाहत राहतात. सरासरी काढली तर सगळ्या भिंतीचा आकडा येतो जवळजवळ १ वॅट. म्हणजे पैसे मोजले चौथाईसाठी आणि काम झालं निम्म्याचं. तोच थर्माकोल बाहेरून, कॉलम-बीमवरूनही सलग फिरवला, तर सरासरी अर्ध्या वॅटच्या थोडी वर राहते.

काँक्रीटच्या या उघड्या वाटांना आमच्या शास्त्रात उष्णतेचे पूल म्हणतात. नदीला कितीही मोठा बंधारा घाला, एक दरवाजा उघडा राहिला की पाणी तिथून धावतं. अमेरिकेत आणि कॅनडात हा प्रश्न फार तीव्रपणे पुढे आला, कारण तिथल्या भिंती लाकडाच्या किंवा पोलादाच्या उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर बांधतात आणि मधल्या पोकळीत काचलोकर भरतात. पोलाद काचलोकरीच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहतं. तिथल्या ‘ॲश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेचे तक्ते सांगतात, की ज्या लोकरीचा उष्णतारोध १३ धरतात, ती सोळा-सोळा इंचांवर उभ्या केलेल्या पोलादी पट्ट्यांमध्ये भरली की प्रत्यक्षात ६ एवढाच रोध मिळतो. निम्म्याहून अधिक माल पाण्यात! म्हणून तिथे सांगाड्याच्या बाहेरून, खिळे आणि खिडक्या-दारं सोडली तर कुठेही न तुटणारा उष्णतारोधक थर घालायची पद्धत रूढ झाली. शब्द मोठा असला तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. स्वेटर अंगात घालतात, तो बरगड्यांच्या मधे मधे भरत नाहीत.

सलग थराचा आणखी एक फायदा आहे. सगळी भिंत थराच्या आत सुरक्षित राहते. ती दिवसा तापत नाही, रात्री गार पडत नाही, त्यामुळे काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्यावर पडणाऱ्या भेगाही कमी होतात. आणि भेगा कमी म्हणजे पाणी शिरायच्या वाटा कमी. इथेच उष्णतेचा विषय ओलीला येऊन मिळतो.

आता ओलीकडे वळू. उन्हाळ्यात फ्रीजमधल्या गार पाण्याने तांब्या भरून ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. तांब्या पाझरत नसतो. हवेतली वाफ त्याच्या गार अंगावर पाणी होऊन बसते. गरम हवा जास्त वाफ सामावू शकते, गार हवा कमी. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा घ्या. तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. २२ अंशांची हवा १९ ग्रॅमच्या वर धरूच शकत नाही. उरलेले ५ ग्रॅम कुठे तरी पाणी होऊन बसणार. ज्या तापमानाला हे पाणी होणं सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे त्या हवेला २६ अंशांपेक्षा गार असलेली कुठलीही वस्तू भेटली की तिला घाम फुटलाच. काही घरांत एसी लावलेल्या खोलीच्या पलीकडच्या बाजूला, कपाटामागे बुरशी धरते, त्याचं एक कारण हे असतं.

थंड देशांत हाच खेळ उलट्या दिशेने चालतो. कॅनडात जानेवारीत बाहेर उणे २० अंश असतात. त्या हवेत घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम वाफ मावते. घरात मात्र २० अंश, स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास. वाफ आतून बाहेर जायला धडपडते आणि भिंतीच्या मध्यावर, जिथे गारठा भेटतो तिथे, तिचं पाणी किंवा बर्फ होतो. म्हणून तिथे उष्णतारोधक थराच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूला प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा लावतात. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली ऊर्जाबचतीचं एक प्रायोगिक घर बांधलं गेलं, ‘सस्कॅचेवन कन्झर्व्हेशन हाऊस’. फूटभर जाडीच्या उष्णतारोधक भिंती, काळजीपूर्वक सलग लावलेला पडदा आणि आतली शिळी हवा बाहेर काढताना तिची ऊब परत मिळवणारं यंत्र. पुढे जगभर गाजलेल्या अति-ऊर्जाबचतीच्या घरांचा तो एक पूर्वज मानला जातो. घरातली हवा भिंतीच्या फटींतून बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्या घराचा धडा होता. आणि तो महत्त्वाचा आहे, कारण भिंतीच्या अंगातून हळूहळू झिरपणाऱ्या वाफेपेक्षा एखाद्या फटीतून हवेबरोबर जाणारी वाफ कितीतरी अधिक असते.

आता माझी चूक सांगतो. नव्वदच्या दशकात समुद्रकाठच्या एका गावी मी एका कुटुंबासाठी बंगला बांधला. आजींना दम्याचा त्रास, म्हणून त्यांच्या खोलीला एसी. भिंत पश्चिमेची. परदेशी पुस्तकातला एक आडवा छेद मला फार आवडला होता. तो मी जसाच्या तसा उतरवला. विटांच्या भिंतीला आतून लाकडी पट्ट्या, मधे दोन इंची थर्माकोल, त्यावर खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा अखंड कागद आणि वर प्लाय. पहिल्या उन्हाळ्यात मंडळी खूश होती. पहिला पावसाळाही निभावला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोलीत कुबट वास येऊ लागला. आजींचा खोकला वाढला. प्लायवर काळे ठिपके दिसले. आम्ही प्लाय उचकटलं, तेव्हा प्लास्टिकच्या मागच्या अंगाने पाण्याचे ओघळ उतरलेले होते आणि खालची लाकडी पट्टी बोटाने दाबली तर आत जात होती.

काय झालं होतं? पावसाने भिजलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडलं की विटांमधलं पाणी वाफ होऊन आत ढकललं जायचं. बाहेरची दमट हवाही त्याच दिशेने यायची. ती वाफ थर्माकोलच्या सांध्यांतून आत येऊन एसीने गार झालेल्या प्लास्टिकवर आपटायची. तिथे तिचं पाणी व्हायचं. आणि तेच प्लास्टिक तिला खोलीत येऊन सुकू देत नव्हतं. रेजायनाला जो पडदा भिंतीला वाचवतो, त्याच पडद्याने आमची भिंत कुजवली. पुस्तक चुकलेलं नव्हतं. ते बर्फाच्या गावासाठी लिहिलेलं होतं. एसीच्या खोलीत आतून रेक्झिनसारखा विनाइलचा वॉलपेपर लावला की त्याच्यामागे बुरशी धरते, तिचंही कारण नेमकं हेच आहे.

गंमत अशी, की याचं बरोबर उत्तर आपल्याच राज्यात मला रोज दिसू शकलं असतं. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहं आहेत. जुन्या पद्धतीच्या शीतगृहात कारागीर आधी भिंतीवर गरम डांबराचा थर देत, मग त्यावर थर्माकोलच्या लाद्या दोन थरांत चिकटवत, आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत याची खबरदारी घेत. डांबर हाच बाष्परोधक पडदा, आणि तो थर्माकोलच्या बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला. तो कुठे फाटला तर वाफ आत शिरते, थर्माकोल पाणी पिऊन जड होतो आणि मग तो उष्णता अडवत नाही. म्हणजे नियम एकच: वाफ जिकडून येते, तिला त्याच बाजूला अडवा, आणि दुसऱ्या बाजूने भिंतीला सुकायला वाट ठेवा. थंड देशात ती बाजू आतली, कोकणपट्टीतल्या एसीच्या खोलीत ती बाहेरची.

‘मग बाहेरून थर्माकोल चिकटवला, वर गिलावा केला की झालं’, असं कुणी म्हणेल. तिथेही थोडं थांबायला हवं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन परिसरात लाकडी सांगाड्याच्या घरांना अगदी हेच केलं होतं. बाहेरून सलग फोम आणि वर कृत्रिम गिलाव्याचा पातळ थर. १९९५ साली लक्षात आलं, की अनेक घरांचं लाकूड आतून कुजलं आहे. गिलाव्याचा पृष्ठभाग ठीक होता. पाणी खिडक्यांच्या सांध्यांतून मागे शिरत होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर परिसरात, याहून मोठी आपत्ती ओढवली. १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथे बांधलेल्या बहुमजली घरांना छज्जे कमी होते आणि भिंती बाहेरून बंद केलेल्या होत्या. पाऊस आत गेला, तो आतच राहिला. हजारो कुटुंबांवर आपली घरं सोलून पुन्हा बांधायची वेळ आली. १९९८ साली प्रांताचे माजी पंतप्रधान डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर तिथे एक रचना सर्रास झाली: बाहेरचं आवरण, त्यामागे बोटभर पोकळी, आणि मग भिंत. पावसाचा मारा आवरण झेलतं. जे थोडं पाणी आत शिरतं ते पोकळीतून खाली निथळतं, आणि पोकळीतली हवा उरलेली ओल सुकवते.

हे ऐकलं तेव्हा मला कोकणातलं आजोळ आठवलं. मृगाच्या आधी घराच्या पावसाळी अंगाला झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. महाबळेश्वरलाही पावसाळ्यापूर्वी घरं गवताने झाकायची पद्धत होती. झाप भिंतीला चिकटलेले नसत. मधे वारा खेळत असे. पाऊस झापावर, भिंत कोरडी. आत जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, तोही श्वास घेणारा. व्हँकुव्हरने कोट्यवधी डॉलर खर्चून जे शिकलं, ते आमची आजी दर वर्षी चार गड्यांना हाताशी धरून करत होती.

आमच्या त्या बंगल्याचंही शेवटी तेच केलं. आतलं सगळं उतरवलं. भिंत पूर्ण उन्हाळाभर उघडी ठेवली, कारण भिजलेली नऊ इंची भिंत आठवड्यात सुकत नाही, तिला महिने लागतात. मग बाहेरून छज्जा वाढवला, पाणीरोधक गिलावा केला, त्यावर सलग उष्णतारोधक पाट्या, बोटभर पोकळी आणि वर सिमेंटच्या पत्र्यांचं आवरण. आतून साधा गिलावा आणि साधा रंग, प्लास्टिक कुठेही नाही. खर्च मी निम्मा सोसला. तेवढं प्रायश्चित्त आवश्यकच होतं.

आता तुम्ही तुमच्या घरी काय करावं? पहिली गोष्ट, ओल कुठून येते ते शोधा. एक सोपी परीक्षा सांगतो. ओलसर भाग कोरड्या फडक्याने पुसा. फूटभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला ओलसरपणा दिसला, तर पाणी हवेतलं आहे. वायुवीजन वाढवा, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, एसीचं तापमान फार खाली नेऊ नका. फॉइल काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ते भिंतीतून येतं आहे. मग भेग, खिडकीचा सांधा, वरचं न्हाणीघर, नळाची गळती किंवा जमिनीतून चढणारी ओल, यांतलं एकेक तपासा. जमिनीतून चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार वर येतात, पांढरा लोणा फुटतो आणि गिलावा भुसभुशीत होतो, ही तिची खूण. मूळ सापडल्याशिवाय वर रंग किंवा प्लाय चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

दुसरी गोष्ट, कामाचा क्रम. आधी पाऊस अडवा, मग हवेच्या फटी बुजवा, मग वाफेचा विचार करा आणि सर्वांत शेवटी उष्णतारोधक थर. भिंतीत पाणी नेण्याच्या ताकदीचा क्रमही साधारण असाच आहे. छज्जाच्या खालच्या कडेला एक खाच ठेवतात. तिच्यामुळे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच गळून पडतं. गवंडी ही खाच विसरला, तर हजारो रुपयांचं वॉटरप्रूफिंगही अनेकदा वाया जातं.

तिसरी गोष्ट, गरज ओळखा. एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या असणाऱ्या घरात भिंतीच्या थर्माकोलपेक्षा गच्चीचं उष्णतारोधन, पश्चिमेच्या खिडकीवरची सावली आणि फिकट रंग यांचा उपयोग जास्त होतो. एसी रोज चालत असेल आणि भिंत उन्हात असेल, तरच भिंतीच्या थराचा खर्च सार्थकी लागतो. नवीन घर बांधत असाल, तर हलके एएसी ब्लॉक वापरूनही बराच फरक पडतो; मात्र कॉलम-बीम बाहेरून झाकायला विसरू नका. केंद्र सरकारने व्यावसायिक इमारतींसाठी २००७ साली आणि राहत्या घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ या नावाने ऊर्जाबचतीचे नियम आणले. आपल्या वास्तुविशारदाला त्यांबद्दल जरूर विचारा.

आणि शेवटचा इशारा आगीचा. थर्माकोल आणि तत्सम फोम जळतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ती बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणातून वर चढली आणि ७२ माणसं गेली. उंच इमारतीवर बाहेरून थर लावायचा असेल, तर न जळणारी खनिज लोकर वापरावी, पोकळीत मजल्या-मजल्यावर आग अडवणारे अडसर ठेवावेत. हे काम ओळखीच्या रंगाऱ्याकडून उरकायचं नव्हे.

श्रोतेहो, भिंत म्हणजे नुसता आडोसा नाही. तिच्या एका अंगाला ऊन-पाऊस असतो आणि दुसऱ्या अंगाला आपली माणसं झोपलेली असतात. तिला पांघरूण घाला, पण तिचं नाक दाबू नका. पुढच्या गणपतीनंतर भिंतीवर डाग दिसला, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी फॉइलचा तुकडा लावून एक दिवस थांबा. पाणी कुठून आलं ते भिंतच तुम्हाला सांगेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)